उजवा पाय राहिला

शनिवारी दुपारी मावशी चपला घालून निघाल्या आणि थोरलीनं दाराला आतून कडी लावली. मावशी म्हणजे सकाळच्या वेळी आईपाशी बसणारी बाई. तेवढ्या वेळात थोरली चष्म्याच्या दुकानात जाऊन यायची. दुकानाच्या पुढच्या भागात गिऱ्हाइकं आरशात बघून फ्रेमा निवडायची आणि मागच्या अरुंद खोलीत थोरली मशीनवर काचा घासून त्या फ्रेमांत बसवायची. काम सगळं उभ्यानं. दुपारी ती घरी आली की मावशी जायच्या, आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरात आई आणि ती, दोघीच.

आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली ती गेलीच. बोलणं मात्र शाबूत राहिलं, आणि बोलण्याची धारही. खिडकीला लागून असलेल्या पलंगावर ती दिवसभर पडून असायची आणि पडल्यापडल्या घर चालवायची. दूध उतू जातंय, बाहेर कुणीतरी आलंय, मोठे, तो पंखा आवाज करतोय. 'मोठे' म्हणजे थोरली. ती आता सत्तेचाळीस वर्षांची होती. तिचं लग्न राहून गेलं होतं, आणि का राहिलं हे आताशा कुणी विचारतही नव्हतं.

त्या सकाळी दुकानात मालकांनी विचारलं होतं, "लंगडताय का?"

"चप्पल चावतेय," थोरली म्हणाली.

चप्पल बिचारी काही करत नव्हती. दोन्ही टाचांना भेगा पडल्या होत्या, आणि उजव्या टाचेची एक भेग इतकी खोल गेली होती की सकाळी फरशीवर रक्ताचा ठिपका उमटला. चार दिवस ती चवड्यावर चालत होती. रोज संध्याकाळी आईच्या टाचांना मलम चोळताना तिला आपल्या टाचांची आठवण यायची आणि हात धुतले की विसरायची. आईची पावलं मात्र कशी झाली होती! दोन वर्षांत जमिनीला न टेकलेली. तान्ह्या पोरासारखी मऊ, गुलाबी, एक रेघ नाही. थोरली ती पावलं हातात घ्यायची तेव्हा तिला त्यांचा थोडा हेवाच वाटायचा, आणि हेवा वाटला म्हणून लाज.

कपाटात एक गुलाबी डबा पडून होता. वाढदिवसाला धाकट्या बहिणीनं पाठवलेला. धाकटी दुसऱ्या गावात राहायची. नवरा, मुलगा, विमा कंपनीतली नोकरी. महिन्यातून एकदा यायची, येताना फळं आणायची, आईच्या उशाशी तासभर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. डब्यात घरच्या घरी पेडिक्युअर करायचं सगळं सामान होतं. वजरी, कानस, नखं कापायचं, नखांच्या कडा मागे सारायची एक चपटी काडी, क्रीम, बोटांमध्ये अडकवायचे स्पंज आणि विटकरी रंगाची नेलपॉलिशची बाटली. सोबत धाकटीचा मेसेज आला होता, 'ताई, स्वतःकडेही बघ गं जरा.' थोरलीनं तो वाचून फोन पालथा घातला होता. स्वतःकडे बघायला सामान कशाला लागतं, वेळ पाठवायचास की डब्यात भरून.

पण आज टाच ठणकत होती. आईचं जेवण झालं होतं, कूस बदलून झाली होती, आईचा डोळा लागत होता. थोरलीनं डबा काढला.

झाकणावर चित्रं होती. पहिल्या चित्रात एक बाई डोळे मिटून खुर्चीत रेलली होती आणि शेजारी मेणबत्ती. खाली लिहिलं होतं, 'निवांत बसा.' थोरलीला हसू आलं. पहिल्याच पायरीला आपण नापास.

दोन पाय मावतील असा घरात एकच टब होता, आईला अंग पुसायचा. तो तिनं घासून घेतला, पाणी गरम केलं, त्यात मूठभर मीठ आणि शाम्पूची एक पुडी टाकली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीपुढे ठेवला. पाय बुडवले. आधी भेग अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू ते झोंबणं विरघळलं, आणि पोटऱ्यांतून वर काहीतरी सैल होत गेलं. तिचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. मेणबत्ती नव्हती एवढंच.

"मोठे!"

पाय टबातून बाहेर. टॉवेल. चपला.

"काय गं?"

"उशी सरकलीय."

उशी नीट केली. परत येऊन पाय पाण्यात. पाणी अजून ऊन होतं. तिनं डावा पाय मांडीवर घेतला, कारण डावा कमी दुखत होता, आणि वजरीनं टाच घासायला लागली. पांढरा, ओला थर निघत होता. निघतच होता. दोन वर्षं कुठेकुठे चालले मी, तिच्या मनात आलं. दुकान, घर, औषधाचं दुकान, घर. इतका थर साचायला लांब जावंच लागतं असं काही नाही.

"मोठे! मोठे गं!"

पुन्हा टॉवेल, पुन्हा चपला.

"आता काय?"

"मावशी गेल्या का?"

"केव्हाच गेल्या. तुझ्यासमोर गेल्या."

"बरं. जा तू. तुझं काय चाललंय ते चालू दे."

तिचं जे चाललं होतं ते आता कोमट झालं होतं. थोरलीनं पुन्हा पाणी तापवून त्यात ओतलं. डाव्या पायाची नखं कापली, कानशीनं घासली, कडा मागे सारल्या. तळव्याला आणि टाचेला भरपूर क्रीम चोळलं, आईला चोळायची तसं, अंगठ्यानं गोल गोल. आपल्याच हाताचा आपल्या पायाला स्पर्श होऊन किती दिवस झाले होते! मग बोटांत स्पंज अडकवून तिनं रंग लावला. अंगठा, दुसरं बोट, तिसरं. काचेच्या कडा केसाएवढ्या फरकानं घासणारा हात नखाच्या बाहेर जात होता. तरी पाय बघून तिला बरं वाटलं. कुणा दुसरीचा पाय असावा तसा दिसत होता. उजवा पाय तिनं टबात सोडून ठेवला होता, भिजू दे म्हणून. त्याची पाळी नंतर.

आतून ठसक्याचा आवाज आला. एकदा. मग लागोपाठ. मग घशात काही अडकल्यासारखा घुसमटलेला आवाज.

ठसक्याचं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. घास नाहीतर पाणी श्वासनलिकेत गेलं तर मिनिटाचा खेळ. थोरली उठली आणि धावली. एक पाय ओला, एक पाय क्रीमनं माखलेला, बोटांत स्पंज, चपलांचं भान नाही. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी डावा पाय निसटला, आत दुमडला, आणि ती सगळ्या वजनासकट त्याच्यावर पडली. काड् असा आवाज तिनं स्वतः ऐकला.

ती पडली ती तशीच पडून राहिली. दुखणं यायला क्षणभर वेळ लागला, आणि त्या क्षणभरात तिला वाटलं, चला, झोपायला मिळालं. नंतर कितीतरी दिवस ती या गोष्टीचा विचार करत होती. फरशी गार होती. मान टाकता येत होती.

मग कळ आली, आणि ती ओरडली.

"काय पडलं?" आईनं विचारलं. तिचा ठसका थांबला होता.

"मी."

"अगंबाई! लागलं?"

"हो. तुला काय झालं होतं?"

"मला काय धाड भरलीय! पाण्याचा घोट आडवा गेला. मीच घेत होते, उजव्या हातानं. तुला किती वेळा उठवायचं म्हणून." आईला पलंगावरून उंबरा दिसत नव्हता. मान वळवायचा तिनं प्रयत्न केला. "उठता येतंय का?"

थोरलीनं पाय हलवून बघितला आणि दात आवळले. "नाही."

"फोन?"

"बाहेर आहे. टबाशेजारी."

"कसला टब?"

"पाय धूत होते."

"एवढा वेळ?"

थोरलीला रडू फुटलं. आधी बारीक, मग हुंदके देऊन. पाय दुखतोय म्हणून रडायची मुभा होती, तेव्हा तिनं सगळंच रडून घेतलं.

"फार दुखतंय का?" आईनं हळू विचारलं.

"दुखतंय. आणि मी दमलेय आई. फार दमलेय गं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे ना? मग सारख्या हाका कशाला मारतेस? उशी, पंखा, मावशी गेल्या का. पाच मिनिटं टेकू देत नाहीस."

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"तू आहेस का ते बघते," आई म्हणाली. "आवाज बंद झाला की मला वाटतं, गेली ही."

"कुठे जाणार मी?"

"कुठेही. गेली असतीस तरी मी तुला नावं ठेवली नसती. पण कळायला तर हवं."

थोरलीनं डोळे पुसले. तिथून, खालून, तिला पलंगाखालचं सगळं दिसत होतं. औषधाचं एक बूच, एक चमचा, धुळीचे पुंजके. झाडायला हवं, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"कान झाक," आई म्हणाली.

"काय?"

आईनं खिडकीकडे तोंड केलं आणि हाक मारली. "मास्तर! वरचे मास्तर! खाली या!"

थोरली दचकली. आई बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिथे ती कशी बोलत असेल ते घरात कुणाला माहीत नव्हतं, पण हा आवाज तिथलाच असणार. आरडाओरडा मुळीच नव्हता. एकेक शब्द सुटा, लख्ख, थेट वरच्या मजल्याच्या कानात जाऊन बसणारा. दुसऱ्या हाकेला वरची खिडकी उघडली.

"काय झालं वहिनी?"

"मुलगी पडलीय. पाय मोडलाय. दार आतून बंद आहे, ती उघडेल. तुम्ही गाडी काढा. मास्तरीणबाईंना माझ्यापाशी पाठवा. आणि किल्ली विसरू नका, मागच्या वेळी विसरला होतात."

मग ती थोरलीला म्हणाली, "आता दारापर्यंत जायला लागेल तुला. बसून सरक. लहानपणी तू रांगलीच नाहीस, बसूनच सरकायचीस. सगळी चाळ हसायची."

थोरली बसून सरकली. अर्धं घर तिनं तसं पार केलं, वाटेत टबाला हात लागून पाणी सांडलं, आणि त्या पाण्यानं पुढचं सरकणं उलट सोपं झालं. कडीपर्यंत हात पोचेना, तेव्हा छत्रीच्या दांड्यानं कडी काढली. दारात मास्तर उभे होते. ते शाळेतले मास्तर नव्हते. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली होती, म्हणून मास्तर. त्यांनी तिच्याकडे बघितलं, सांडलेल्या पाण्याकडे बघितलं आणि बोटांतल्या स्पंजाकडे बघितलं.

"ब्रेक लागले नाहीत का?" ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले.

हॉस्पिटलपर्यंत त्यांनी इतक्या सावकाश, इतक्या शिस्तीत गाडी चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. थोरली मागच्या सीटवर आडवी पडून होती. सिग्नलला गाडी थांबली की तिला बरं वाटायचं.

एक्स-रे काढणाऱ्या मुलीनं पाय नीट ठेवताना विचारलं, "तीनच नखं रंगवली?"

"चौथ्याला वेळ मिळाला नाही," थोरली म्हणाली. मग दोघीही हसल्या, आणि हसताना थोरलीला पुन्हा कळ आली. घोट्याचं हाड मोडलं होतं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दीड महिना पाय टेकायचा नाही.

धाकटी त्याच संध्याकाळी आली. एका रात्रीपुरती बॅग घेऊन. आल्याआल्या तिनं ताईला मिठी मारली, आईला जवळ घेतलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी तुला पाठवलं ते निवांतपणे करायला गं. असं धावतपळत करतात का?"

थोरली प्लास्टर उशीवर ठेवून दिवाणावर पडली होती. तिला भांडायचीही ताकद नव्हती. "दीड महिना," ती म्हणाली.

"हो, ऐकलं. पण मला सोमवारी ऑफिस आहे ताई. ह्यांचंही आता..."

"मलाही सोमवारी दुकान आहे."

आतून हाक आली, "मोठे!" थोरलीचं अंग सवयीनं उठायला गेलं. मग तिनं डोकं परत उशीवर टाकलं.

"जा," ती म्हणाली. "उशी सरकली असेल."

पुढचे दोन दिवस थोरली जवळजवळ झोपूनच होती. जेवायला उठायची, कुबड्यांवर बाथरूमला जायची, परत झोपायची. झोपेतून तिला घर ऐकू यायचं. धाकटीच्या चपला फटफट करत आतबाहेर. आईचा सल्ला, "अगं असं नाही, आधी खांद्याखाली हात घाल." भांडं खाली पडल्याचा आवाज. फोनवर नवऱ्याशी दबक्या आवाजात बोलणं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जागी झाली ती धाकटीच्या आवाजानं.

"आई, आत्ताच तर येऊन गेले ना मी! दोन मिनिटं तरी!"

शब्द थोरलीचेच होते, आवाजाचा चढही तोच. थोरलीला वाटलं होतं, असं ऐकलं तर आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला धाकटीची कीव आली, आईची आली, आणि त्यात आपलाही नंबर लागला.

थोड्या वेळानं धाकटी बाहेर आली आणि दिवाणाच्या कडेला, ताईच्या चांगल्या पायाशी बसली. केस सुटलेले, गाऊनवर औषधाचा डाग.

"पाठ गेली माझी," ती म्हणाली. "तू उचलतेस कशी तिला?"

"उचलत नाही. वळवते आधी. उद्या दाखवते."

"ताई, खरं सांग. मी किती दिवस राहायला हवं?"

"ते मला विचारू नकोस," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला कुणी विचारलं नव्हतं."

धाकटी खाली मान घालून बसली. आतून आई म्हणाली, "मला सगळं ऐकू येतं बरं का." त्यावर कुणीच हसलं नाही, आईनंही हसावं म्हणून म्हटलं नव्हतं.

धाकटी तीन आठवडे राहिली. त्या तीन आठवड्यांत दोघी बहिणी दोनदा कडकडून भांडल्या, एकदा चहाच्या कपावरून आणि एकदा बापाच्या जुन्या खुर्चीवरून, आणि दोन्ही वेळा भांडण कपाचं किंवा खुर्चीचं नव्हतं. पण काही गोष्टी ठरल्या. दुपारनंतरही एक बाई येणार, तिचा पगार धाकटी देणार. आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार धाकटी येणार; पाहुणी म्हणून नाही, पाळीवर. नवरा कुरकुरला. "कुरकुरू देत," धाकटी म्हणाली, पण म्हणताना तिचा चेहरा उतरला होता.

इतक्या दिवसांच्या पडून राहण्यानं उजव्या पायाच्या भेगा आपोआप भरून आल्या. त्याला ना वजरी लागली ना क्रीम. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय बारीक झालेला, कातडी सुकलेली, आणि नखांवरचा रंग टवके उडून अर्धामुर्धा उरलेला. थोरलीनं तो खरवडून टाकला आणि सोमवारी दुकानात गेली. मालकांनी तिच्यासाठी मशीनसमोर एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वीच मागायला हवं होतं, तिला वाटलं.

ठरलेल्या शनिवारांपैकी पहिला धाकटीनं चुकवला. मुलाला ताप होता. दुसऱ्याला ती आली, सकाळच्या गाडीनं, आणि आल्याआल्या पर्स खुंटीला लावून म्हणाली, "जा आता. संध्याकाळपर्यंत दिसू नकोस."

"कुठे जाऊ?"

"मला काय माहीत? कुठेही जा."

आईनं आतून विचारलं, "कोण कुठे चाललंय?"

थोरली आत गेली. आईचा उजवा हात तिनं हातात घेतला. "मी जातेय आई. बाहेर. संध्याकाळी येईन. छोटी आहे."

"बरं," आई म्हणाली. तिनं हात लगेच सोडला नाही. "सांगून गेलीस ते बरं केलंस."

थोरली रस्त्यावर आली. ऊन मऊ होतं. कोपऱ्यावर तिला एक बस उभी दिसली आणि पाटी न वाचताच ती चढली. खिडकीशी बसली. दोन स्टॉप तिनं बाहेर बघितलं. कुलपं दुरुस्त करणारा, एक नवं उघडलेलं दुकान, शाळेची भिंत. तिसरा स्टॉप तिला आठवत नव्हता.

खांद्याला कुणीतरी हळूच हात लावला. कंडक्टर होता, पांढऱ्या केसांचा.

"बाई, शेवटचा स्टॉप. उतरायचं ना?"

थोरलीनं डोळे उघडले. बस एका मोठ्या मोकळ्या आवारात उभी होती, शेजारी आणखी रिकाम्या बसगाड्या ओळीनं. लांब एका नळाखाली ड्रायव्हर तोंड धूत होता.

"इथे काय आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही. डेपो आहे." कंडक्टरनं तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "कुठे जायचं होतं तुम्हाला?"

"कुठेच नाही."

त्यानं मान हलवली, जणू असे प्रवासी त्याला रोज भेटतात. "आम्ही आता जेवतो. मग हीच गाडी परत जाते. बसायचं असेल तर बसा, कुणी उठवणार नाही."

तो उतरला. थोरलीनं चपला काढल्या, दोन्ही पाय समोरच्या सीटवर ठेवले, डोकं खिडकीला टेकवलं आणि डोळे मिटले.